तळाशी गरम पाणी

१२ नोव्हें. ९६, कोपरगाव
गोव्याहून दोन एसट्या बदलून घरी. आण्णांचा दम वाढलाय. तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर. आता उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपतात. दोन वर्षं ताई एकटीच करतेय. डोळे खोल गेलेत तिचे. माझी रजा दहा दिवस. २५ ला जहाज.

१४ नोव्हें.
आण्णा : "समुद्रात काय हुडकती गं तू?"
सांगितलं. तीन किलोमीटर खाली तळाला भेगा असतात. तापलेलं पाणी वर येतं, त्यातली खनिजं साचून धुराडी उभी राहतात. गेल्या फेरीत एका जागी तळाजवळचं पाणी किंचित गरम लागलं. साहेब म्हणतात, यंत्राची चूक. मी म्हणते, नाही. यंदा तिथंच कॅमेरा सोडायचाय.
"किती गरम?"
"साडेतीनशे डिग्रीसुद्धा असतं."
मग उकळत कसं नाही, असं सगळे विचारतात. आण्णांनी नाही विचारलं. "वर येवढं पानी. दाब केवढा आसंल. कसं उकळंल?"
शेवटी बॉयलरवाला.

१७ नोव्हें.
कारखान्याचं गळीत सुरू, अंगणात चिमणीची राख. ताई धुतलेलं पुन्हा धुतेय. भांडण झालं. "तू चाळीस दिस पान्यात जाशील. ह्यान्ला काय झालं तर तुला सांगायचं कुनी, माशांनी?" मग रडली. मला रडूही आलं नाही. नुसती दमलेय.

१९ नोव्हें.
डॉक्टर : हिवाळा कठीण. एवढंच.
ताईला म्हटलं, महिनाभर नाशिकला मैत्रिणीकडे जा, मी आहे. खरं वाटेना तिला. मलाही.

२० नोव्हें.
एसटीडी बूथवरून साहेबांना कळवलं, येत नाही. "मग ती जागा वगळू. वेळ कमी आहे." मी ओरडले. बूथवाला बघायला लागला. शेवटी : "बरं, एकदा कॅमेरा सोडू. एकदाच." अक्षांश-रेखांश दोनदा सांगितले, त्यांच्याकडून म्हणवून घेतले. आठ वर्षांचं काम, तीन मिनिटांचा फोन.

६ डिसें.
सकाळी विहारात मेणबत्ती लावून आले. ताई अजून नाशिकलाच. राहू दे. माझ्या अंदाजाने जहाज आज त्या जागेवर.
आण्णा : "घावलं का?"
"जहाज परत आल्याशिवाय कळायचं नाही. जानेवारीत."
बराच वेळ श्वास जमवत राहिले. "घाई न्हाई," म्हणाले. "च्या टाक."