झुकलेला खांब

ती. अप्पांना मुग्धाचा नमस्कार.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे. इथे ऊद मेथात, म्हणजे मी राहते त्या भागात, डबा लावलाय. पोळ्या जाड असतात, एवढंच.

सध्या ऑफिसात इंग्लंडमधल्या चारशे वर्षं जुन्या शेतघराची ड्रॉइंग्ज करतेय. मोजमापं तिकडून येतात. सगळा सांगाडा लाकडी, सांध्यांना खिळे नाहीत, नुसत्या लाकडी खुंट्या. तुळयांच्या टोकांना सुतारांनी जोडणीचे आकडे कोरलेत, तुम्ही कारखान्यात कोरायचात तसेच. कौतुकाने दाखवावं असं इथे कुणी नव्हतं.

त्यातला एक खांब झुकलेला आहे. मी सवयीने सरळ काढला. मोजमापं पाठवणाऱ्या तिकडच्या बाईंनी ड्रॉइंग परत पाठवलं. ‘जेवढा झुकलाय तेवढाच दाखवा, भार कुठे येतोय ते त्यावरूनच कळतं.’ मग त्यांच्या मापांवरून मिलिमीटरपर्यंत तसाच झुकलेला काढला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे होतात. मला वाटलं, सहज असेल. आता विचारते, कधीपासून अप्पा? डावा पाय की उजवा?

‘बरं आहे’ लिहू नका. आहे तसं लिहा.

तुमचीच,
मुग्धा