शटर, खांदा आणि सासूबाईंचे गुडघे

१९ नोव्हेंबर

सकाळी दवाखान्यात गेले, दुपारी परत आले. सासूबाई जेवून झोपल्या आहेत. भावजी दुकानात आहेत.

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमच्याकडची खोकल्याची साथ ओसरली असेल आणि तुम्ही वेळेवर जेवत असाल असं धरून चालते. इथे आम्ही ठीक आहोत, म्हणजे माझा खांदा आणि सासूबाईंचे गुडघे सोडून. त्या गुडघ्यांपायीच आज मला डॉक्टरांसमोर मान खाली घालावी लागली, ते सविस्तर लिहिते.

हे गेल्यावर मी पहिल्यांदा दुकान उघडायला गेले आणि शटरला हिसका दिला. शटर जागचं हललं नाही, खांद्यातलं मात्र काहीतरी सुटलं. (मी डबा घेऊन जायची तेव्हा दुकान उघडलेलंच असायचं. शटर ही कोणीतरी उघडायची वस्तू आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं.) डॉक्टर म्हणाले, स्नायू हाडाला बांधणारी दोरी तुटली. ती त्यांनी शिवली. पण दोरी तुटली की स्नायू नुसता पडून राहतो, त्याच्यात आतून व्रण धरतात, तो चिवट आणि आखूड होतो, मग शिवण कितीही चांगली असली तरी हात वर जात नाही. (कापडच आखडलेलं असेल तर बॅगेला नवी चेन लावून काय होतं, हे बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला कोणी सांगायला नको.) हे व्रण कमी धरावेत म्हणून एक नवी गोळी आहे, तिची अजून परीक्षा चालू आहे. काहींना खरी मिळते, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मी सही केली. भावजी म्हणाले, डॉक्टरांनाच ठाऊक नसेल तर वहिनी, तुम्ही तिथे विचारायला कोणाला जाता?

आता आपल्या घरात औषध एकट्याने घ्यायची पद्धत नाही, हे तुम्ही जाणताच. (यांचे डोळ्यांत घालायचे थेंब सासूबाईंनी कानात घातले होते, हे तुम्हीच मला सांगितलंत.) माझ्या गोळ्या भराभर संपायला लागल्या तेव्हा मला वाटलं, हल्ली माझं लक्ष ठिकाणावर नसतं, मीच दोनदा घेत असेन. आज डॉक्टरांनी रिकामी डबी हलवून पाहिली आणि कारण विचारलं, तर शेजारी बसलेल्या सासूबाईंनीच उत्तर दिलं, "माझ्या गुडघ्यांची सूज उतरलीय हो. गोळी खरीच आहे, खुशाल लिहून घ्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सासूबाईंचं रक्त तपासायला घेतलं आणि कुठे मळमळ, कुठे पुरळ, बरंच विचारलं. सासूबाई खूश होत्या. इतकी चौकशी त्यांची कोणी केली नव्हती. आता मला त्या परीक्षेतून काढून टाकणार, हे मला दिसत होतं. तुम्हाला माहीत आहे, मी चारचौघांत बोलत नाही. पण बोलले. "मला काढू नका. गोळी खरी निघो की खोटी, मी घेईन आणि व्यायामही करीन. मला शटर उचलायचंय." ते वरच्यांना विचारून आले. मला ठेवलं आहे. डबी आता कुलपात आणि किल्ली माझ्या गळ्यात. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हलकं ओझं दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचलायची परवानगी दिली आहे. त्याच्या वर नाही.

शटरचं एवढ्यासाठी, की भावजींनी या महिन्याअखेर दुकान शेजारच्या मोबाईलवाल्याला द्यायचं ठरवलं आहे. त्यांच्या मनात वाईट काही नाही. रोज सकाळी शटर तेच उघडतात, आणि मला घरी ऐकू यावं इतकं कण्हतात. (दुकान घराखालीच, तेव्हा फार कष्ट पडत नाहीत.) जे उघडता येत नाही ते चालवणार कसं, असं ते विचारतात. मी भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते. सासूबाईंना वाटतं, मी जाळी काढतेय.

काल भावजी दुकानाला कुलूप लावत होते तेव्हा मी पायरीवर बसले होते. शटरच्या खालच्या पट्टीवर एका जागी रंग पार उडालाय, चपलेएवढं लोखंड चकाकतं. हे रोज तिथे पाय देऊन आधी शटर खाली दाबत असणार. अडलेलं सुटलं की मग वर. भावजी नुसतं ओढतात. मी ओढलं ते तसंच.

सर्वांना नमस्कार.
तुमची वहिनी

ता. क. खरं पत्र याच्यासाठीच. भावजींना आठवडाभर तिकडे बोलवून घ्या. मोरी तुंबली म्हणा. कोणाची मोरी तुंबली की त्यांना राहवत नाही.

ता. क. २. (२० तारीख, सकाळ) मोरीचं राहू द्या. भावजी आंघोळीला गेले तेवढ्यात मी दुकानाची किल्ली घेऊन खाली गेले, कुलूप काढलं. त्या चकाकणाऱ्या जागेवर पाय ठेवला, दाबला, दोन्ही हातांनी उचललं. शटर कमरेपर्यंत आलं. बाईंनी तेवढंच सांगितलंय, म्हणून मीही तिथेच थांबले. मग वाकून आत गेले, दिवा लावला आणि एका बॅगेची यांच्या हातून अर्धी राहिलेली चेन पुढे शिवायला घेतली.