अर्ध्या आवाजावर आखलेली रेषा

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलंय, हुरळून जाऊ नकोस. प्रयोगाला चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हा तरी पूर्ण वाच.

आधी घरची खबर. आई बरी आहे. जेवते, कुंड्यांना पाणी घालते, बोलत मात्र नाही. नाटकातली तिची निळी शाल तिने धुऊन, इस्त्री करून दिग्दर्शककाकांकडे पाठवून दिली. सोबत निरोप, की माझा आवाज संपला, सोमवारपासून दुसरीला तालमीला उभी करा. तीस वर्षं केलेली भूमिका अशी घडी घालून देऊन टाकली बाईने!

तिचा आवाज संपलेला नाही, गाढवा. तो तू दाबलास.

काल थिएटरवर जाऊन मी तुझा साउंड मिक्सर उघडला. तू सेव्ह केलेलं सगळं जसंच्या तसं होतं. आईच्या माइकवर चढा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर, रेशो आठास एक, म्हणजे आवाज आठ भाग चढला तर बाहेर एकच, आणि आवाज जिथून दाबायला सुरुवात होते ती थ्रेशोल्डची रेषा पार तळाला. दबलेलं भरून काढायला वरून गेन, म्हणजे सरसकट सगळाच आवाज, वाढवलेला, आणि शेवटी लिमिटर, म्हणजे त्यापुढे एक कणही जायला नको. रेषा इतकी खाली का, ते मला तिथेच कळलं. तू ती दुपारच्या साउंड चेकला लावलीस. अरे, आई साउंड चेकला अर्ध्याच आवाजात बोलते, गळा प्रयोगासाठी राखून ठेवते, हे आपल्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे! अर्ध्या आवाजावर रेषा आखलीस, मग पूर्ण आवाजाने जायचं कुठे?

शेवटचा प्रवेश आठव. मुलाचं पत्र वाचताना ती आधी कुजबुजते आणि मग एकदम ओरडते. लहानपणी त्या ओरडण्याला तू विंगेत माझा हात इतका घट्ट धरायचास की नखं रुतायची. त्या दिवशी कुजबुज काय आणि ओरडणं काय, दोन्ही लाटणं फिरवल्यासारखं सपाट. लोक खोकायला लागले. पडदा पडल्यावर आईने तुला विचारलं, माझं पोचत नव्हतं का रे? आणि तू म्हणालास, वय झालं की होतं असं. जीभ कशी उचलली तुझी? आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारी पट्टी अख्खा प्रवेश तुझ्या नाकासमोर होती!

चुका मीही केल्यात. पहिल्याच वर्षी एका गायिकेचा माइक अर्धा अंक बंद ठेवला होता मी. पण पडदा पडल्या पडल्या सगळ्यांसमोर कबूल केलं. चूक मी तुला कधीच माफ केली असती. तू तुझी चूक आईच्या वयावर ढकललीस, त्याने माझं डोकं फिरलंय.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते, मघापासून टाळतेय. मी त्या दिवशी मागून तिसऱ्या रांगेत होते, तुझ्यापासून दहा पावलांवर. पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं होतं. उठून कॉम्प्रेसर बंद करायचं एक बटण दाबायचं होतं फक्त. नाही उठले. गेल्या महिन्यात तू चारचौघांत म्हणालास ना, ताई, माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही? मी हाताची घडी घालून बसले. म्हटलं, आपटू दे एकदा तोंडावर. तू कसला आपटतोस, आपटली आई. मिक्सरमध्ये त्या प्रयोगाचं कच्चं रेकॉर्डिंग आहे, कॉम्प्रेसरच्या आधीचं. मी ऐकलं. अंगावर काटा येईल अशी ओरडली आहे रे ती. रविवारी सकाळी दहाला आईला थिएटरवर घेऊन येतेय. तिला ते ऐकवायचं, आणि तू काय केलंस नि मी काय केलं नाही, ते दोघांनी सांगायचं. मिक्सरवर तूच बस, मी हात लावणार नाही. पण ये. तिच्यासमोर एकटीने उभं राहणं माझ्याने व्हायचं नाही.

तुझीच, अजून संतापलेली,
ताई