ध्रुवसाठी काळी लोकर

२० डिसेंबर, शनिवार

लोकर घेतलीच नाही. बाड्यावरच्या बाजारात जाऊन हात हलवत परत आलो!

दुकानदाराने विचारलं, "अंकलजी, कौन-सी ऊन? किसके लिए?" पद्मा खरेदी करायची तेव्हा मी पिशवी धरून बाहेर उभा असायचो. ती गुंडा गालाला लावून बघायची, एवढं ठाऊक. मी लावला. सगळे सारखेच लागले.

दर संक्रांतीला घरात प्रत्येकाला तिच्या हातचं काहीतरी असतं. ऑगस्टमध्ये तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं — पण तोंडून नुसतं "त... त..." आणि यंदाच नातवाची, ध्रुवची, पहिली संक्रांत! पुष्कर आणि सूनबाई तन्वी-ध्रुवला घेऊन नागपूरहून तेरा तारखेला येतायत. बोरन्हाण इथेच.

दिवाळीपासून शेजारच्या शांताताईंकडे विणायला शिकतोय. पद्माला सांगितलेलं नाही. का नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही.

२२ डिसेंबर

शांताताईंना घेऊन पुन्हा गेलो. "तन्वीला जाड चालेल, पण बाळाला बेबी वूलच. मानेला टोचलं तर घर डोक्यावर घेईल!" तन्वीच्या मफलरला मोरपंखी. ध्रुवच्या बंडीला काळी.

"भाऊसाहेब, शिकाऊ माणसाने काळी? टाके दिसायचे नाहीत!"

पण पहिल्या संक्रांतीला काळंच हवं. पद्माने काळंच केलं असतं.

दुकानात ढीगभर हिंदी ऊन, बाहेर आठ दिवस मराठी ऊन नाही — नुसतं धुकं. घरी येऊन पद्माला हा विनोद सांगितला. हसली नाही. पिशवीकडे बघत राहिली.

२३ डिसेंबर

मोठी चूक केली. गुंडे तिच्या मांडीवर ठेवले, म्हटलं, "बघ बरं, बरोबर आणलेत का? मी विणणार आहे." तिने डाव्या हाताने सगळे खाली लोटले. एक पलंगाखाली गेला. मग भिंतीकडे तोंड.

तिला काय वाटलं असेल? की आता तुझं संपलं, तुझं काम मी घेतलं?

२४ डिसेंबर

दोन घास खाल्ले फक्त. तीनदा बीपी मोजलं. वाढलंय. माझ्यामुळे?

पुष्कर फोनवर — "बाबा, रेडिमेड घ्या ना. आईला उगाच त्रास."

खरं आहे. पण सुया ठेवून देववत नाहीत. स्वयंपाकघरात बसून विणतो, दार लोटून.

३१ डिसेंबर

मफलर झाला. एका बाजूने जरा वाकडा. व्हिडिओ कॉलवर तन्वी — "आजोबा, सच्ची तुम्ही बनवला? मस्त है यार!" कुजबुजत बोललो. स्वतःच्या घरात!

५ जानेवारी

काळी कमी पडली! पाठ झाली, पुढचा भाग अर्धाच. आणखी एक गुंडा आणला, खिडकीत धरला — तपकिरी झाक. दुकानदार म्हणतो, "लॉट बदल गया, अंकलजी." शांताताई म्हणतात, एकदमच घ्यायला हवी होती. थाटीपूरच्या बाजारातही दोन दुकानं पाहिली. तो काळा कुठेच नाही.

आठ दिवस राहिले.

६ जानेवारी

पांढरी आणली. उरलेली काळी पुरवून पुरवून, पुढे पांढरे पट्टे घालणार. कुणाला न विचारता ठरवलं. पद्माला हे भयंकर वाटेल का? विचारू कसं?

९ जानेवारी

दुपारी लीला — पद्माचं सगळं तीच करते — म्हणाली, "साहब, अम्माजी दिनभर रसोई के दरवाज़े को देखती हैं. आप वहाँ करते क्या हो?"

चरकलो. म्हणजे पद्माला वाटतंय, मी तिला टाळतोय! दोन आठवडे मी दाराआड आणि ती दाराकडे बघत.

खुर्ची तिच्याशेजारी नेली. सुया बाहेर काढल्या. म्हटलं, "पद्मा, मला नीट येत नाही. इथे बसून करू?"

तिने तोंड फिरवलं नाही.

११ जानेवारी

सारखी बघते. माझ्याकडे नाही, टाक्यांकडे. रागावली आहे की काय, कळत नाही.

१२ जानेवारी

गळ्याचे टाके कमी करत होतो. पद्मा वाकली, डावं बोट तिसऱ्या पट्ट्यातल्या चुकलेल्या टाक्यावर टेकवलं आणि स्वच्छ म्हणाली —

"उसव!"

लीला पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी राहिली. मी चार ओळी उसवल्या. मग विचारलं, "आता?"

ती पुढचा शब्द शोधतेय. मी थांबलोय.