उजव्या नळीतलं काडतूस

धुळे, २ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
मेघाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊ गेले त्याला दोन महिने झाले. घर हळूहळू मार्गी लागतंय. आई जेवते, दुपारी टीव्ही लावते आणि त्याच्यासमोरच डुलक्या काढते. तुम्हाला फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या घरी फोन चार हातांतून फिरून येतो. म्हणून पत्र. शिवाय तुम्हाला माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला मिळतील, तेवढीच करमणूक.

काम आहे ते आबांच्या दुनळी बंदुकीचं. आबांनंतर तिचा परवाना आमच्या वडिलांच्या, भाऊंच्या नावावर होता. भाऊ गेल्यावर बंदूक जळगावच्या एका शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून ठेवली आहे. समाधानला ती वारसाने आपल्या नावावर करून घ्यायची आहे. माझ्या या धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत आखाजीला, अक्षय्यतृतीयेला आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. दिवाणखान्यात बंदूक लटकवायची आणि खाली पितळी पाटी लावायची, आबांनी हिने बिबट्या मारला म्हणून. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी मास्तरीण.

आता बिबट्या मारला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कधी आणि कुठे ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुमच्या वडिलांच्या हातात ती बंदूक पाहिलेल्या आता तुम्हीच उरलात. तेव्हा सविस्तर कळवावं. पाटीवर खोटं जायला नको.

भाचीवर रागावत जा, पण विसरू नका.

तुमची,
मेघा


चोपडा, ११ फेब्रुवारी २०२५

चि. मेघास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. चार चुका आहेत. पोरांना काय शिकवतेस देव जाणे.

बाई, ते साल त्रेसष्टचं. सातपुड्यातून बिबट्या उतरला, आपल्या मळ्याकडे आला, आबांनी एका बारात लोळवला. मी अकरा वर्षांची होते, तुझा बाप सहा वर्षांचा. लहान पोरांना कोण काय सांगतं? कातडं कुठे गेलं असं विचारशील, तर मला माहीत नाही.

समाधानला सांग, ती बंदूक नावावर करू नको. सरकारजमा करून टाक. नवीन घरात देव लाव, आईबापाचे फोटो लाव. पुढे आबांनी ती कधी उडवली नाही, पण विकलीही नाही. रविवारी ओट्यावर बसायचे आणि तिला नुसती मांडीवर घ्यायचे. आई जेवायला हाका मारायची, त्यांना ऐकू जायचं नाही. ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. पाटीबिटी काही करू नका.

आमच्याकडे पापड लाटणं चालू आहे. सूनबाईचे पापड जाड होतात, पण बोलायची सोय नाही. थोडे पाठवते. आईला सांभाळ.

या म्हातारीची माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
इंदिराअक्का


धुळे, २६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पापड मिळाले. जाड आहेत, पण भाजले की छान फुलतात.

परवा समाधानबरोबर जळगावला जाऊन बंदूक बघितली. दुकानातले कारागीर जितेंद्रभाऊ फार सावकाश माणूस. त्यांनी कमानीला तेल सोडलं आणि बंदूक मधून मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, उघडून दाखवली. डावी नळी आरशासारखी निघाली. उजव्या नळीत उडालेलं काडतूस तसंच बसलेलं होतं. कागदी टरफलाचं, पितळ हिरवं पडलेलं. ते म्हणाले, बार काढल्यावर कुणीही पहिल्यांदा टरफल बाहेर काढतो, हे साठेक वर्षं कुणी काढलेलंच नाही. अक्का, मला तिथे उभं राहवेना. नळीतून कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं.

मग परवान्याचं जुनं पुस्तक चाळलं. काडतुसं घेतल्याची शेवटची नोंद मार्च त्रेसष्टची आहे. त्यानंतर एकही काडतूस नाही, पण परवाना मात्र दर वेळी न चुकता नवा केलेला. आणि पुस्तकाच्या खोळीत एक पोस्टकार्ड सापडलं. चौसष्ट सालचं, एदलाबादकडचं, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरकडचं. भागाबाई नावाच्या बाईने कुणाकडून तरी लिहवून घेतलंय. आबांना विचारलंय की तुमच्या मळ्यात वर्षाच्या बोलीने सालदार असलेले माझे मालक झुलाल साल भरून सुरतेला गेले असा निरोप आला, पण माझा भाऊ सुरतेला महिनाभर हिंडला, तिथे त्यांना कुणीच पाहिलेलं नाही. तुम्हाला काही सांगून गेले असतील तर दया करून कळवा.

अक्का, झुलाल कोण? आणि हे कार्ड भाऊंनी बंदुकीच्या परवान्यात का जपून ठेवलं?

उत्तर द्या. बाकी लोभ आहे तो कमी होणार नाही.

मेघा


चोपडा, ९ मार्च २०२५

चि. मेघास,
आशीर्वाद.

सालदार येतात आणि जातात. ते कार्ड चुलीत घाल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुला शाळेत शिकवलं नसेल तर माझ्याकडून शिक. आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत. तू तुझ्या आजोबांना काय म्हणून कोर्टात उभं करतेस? या विषयावर पुन्हा पत्र आलं तर फोडणार नाही.

अक्का


चोपडा, १७ मार्च २०२५

चि. मेघास,
अ. आ. वि. वि.

मागचं पत्र रागाच्या भरात लिहिलं. तू उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. सूनबाई देवळात गेलीय तोवर लिहिते. एकदाच लिहीन.

झुलाल आमचा सालदार होता. आखाजी ते आखाजी वर्षाची बोली असते, तशी. मळ्यातच राहायचा. पंचविशीचा, हसरा. लग्न नुकतंच झालेलं, बायको गावाकडे. पुढच्या सालाला तिला घेऊन येणार होता, म्हणून मळ्यातल्या खोलीला त्याने स्वतःच्या हाताने चुना दिला होता. मी एवढीशी, तरी मला अक्का म्हणायचा.

बिबट्या कधी आलाच नव्हता.

आखाजीला चार दिवस होते. पितरांना आमरसाचं ताट दाखवल्याशिवाय आपल्याकडे आंबा तोंडाला लावत नाहीत, आणि माझी आई त्या बाबतीत फार कडक. पण विहिरीजवळच्या झाडाला पाड लागला होता आणि मला दम नव्हता. मी झुलालच्या मागेच लागले, एकच दे, कुणाला सांगणार नाही. तो नाही नाही म्हणत शेवटी हो म्हणाला. उद्या उजाडताना काढून ठेवतो म्हणाला.

त्या सकाळी मी हट्टाने आबांबरोबर मळ्यात गेले. रानडुकरांनी केळी उकरून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांनी बंदूक घेतलेली. नुकतं फटफटत होतं. आंब्याच्या अंगाला, केळीच्या वाळक्या पानांत सळसळ झाली. काहीतरी काळं वाकलेलं हललं. झुलाल दुसऱ्या टोकाला पाणी देत असणार अशी आबांची समजूत. त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

तो झुलाल आहे, माझ्यासाठी आंबा शोधतोय, हे तिथे मला एकटीला ठाऊक होतं. अगदी ओठांवर आलं होतं, आबा, झुलाल शे तो. पण म्हटलं असतं तर आबांनी विचारलं असतं, तो तिथे काय करतोय. मग आंबा निघाला असता आणि आईने मला फोडून काढलं असतं. मी तोंड मिटून घेतलं. तेवढ्यात बार झाला.

मेघा, मी एका माराला भ्याले गं. बाकी काही नाही.

आबा आणि शेजारच्या मळ्यातले सुकदेवकाका, दोघांनी त्याला गाडीत घालून तापीवर नेलं आणि अग्नी दिला. गावाने बार ऐकला होता, त्यांना बिबट्या सांगितला. त्याच्या घरी सुरतेचा निरोप धाडला. आबांना फाशीची भीती वाटली आणि घर उघड्यावर पडण्याची. त्यानंतर त्यांनी बंदूक मोडून नळीत डोकावलंसुद्धा नाही. डावी तेवढी पुढून तेलाच्या चिंधीने पुसायचे. पाप आपल्या एकट्याचं आहे असं समजून ते शेवटपर्यंत स्वतःला खात राहिले, आणि त्यात माझा वाटा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्या बापाला ते कार्ड आबांच्या मागे सापडलं. त्याने मला विचारलं तेव्हा मी त्याला बार चुकून लागला एवढंच सांगितलं. पुन्हा तो त्या विषयावर कधी बोलला नाही.

आणि मला दिलं कुठे, तर चोपड्याला. चहूकडे केळीच केळी. वाळकं पान वाजलं की अजून वाटतं, कुणीतरी तिथे वाकलंय. आधी माहेरी आणि मग इथे, बासष्ट वर्षं रोज ऐकतेय.

आता तू काय करशील ते कर. ती बाई जिवंत असेल का, एवढं मात्र बघून ये. माझ्याच्याने तिकडे जाववत नाही.

राग आला तरी उत्तर धाड.

इंदिराअक्का


धुळे, ६ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मला राग आला, आणि त्याच वेळी त्या अकरा वर्षांच्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

समाधानला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने वारसाचा अर्ज मागे घेतला आणि बंदूक सरकारजमा करायचा अर्ज दिला. दिवाणखान्यात ठोकलेले खिळेही त्याने काढले.

काल मी मुक्ताईनगरला जाऊन आले. कार्डावरचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलंय. लोकांना वर नवीन वसाहतीत जागा दिली. भागाबाई हयात आहेत, अक्का. ऐंशीला टेकल्यात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. भाच्याकडे राहतात. भाचा सांगत होता की गाव उठलं तेव्हा त्या जुनं घर सोडायला तयार नव्हत्या, मालक आले तर कुठे शोधतील म्हणून. शेवटी रस्त्याला लागून असलेलं पहिलंच घर मागून घेतलं आणि दारावर रंगाने झुलाल हे नाव लिहवून घेतलं. दर दिवाळीला ते नवं करतात. घरासमोर एसटीचा थांबा आहे. गाडी आली की हातातलं काम ठेवून त्या बघतात, कोण उतरतंय.

मी शाळेच्या कामाने आले असं खोटं सांगितलं. त्यांनी चहा केला. आपणहून म्हणाल्या की सुरतेला त्याने दुसरा संसार केला असणार, तरी शेवटी थकून इकडेच येईल. मी कप हातात धरून बसले. घरून ठरवून गेले होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. तुम्हाला मनात काय काय बोलले होते, आणि मीही तशीच गप्प राहून परत आले.

अक्का, हे सांगायचा हक्क माझा नाही. तुम्ही चला. मी चोपड्याला न्यायला येते. त्यांचं वय बघता फार थांबून चालणार नाही.

तुमच्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

मेघा


चोपडा, २ मे २०२५

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

तुला न कळवता सोमवारी एकटीच जाऊन आले. तू बरोबर असतीस तर मी तुझ्या मागे लपले असते.

भागाबाई ओट्यावरच होत्या. मी माझं नाव सांगितलं, आबांचं नाव सांगितलं. त्यांनी आत नेलं, पाणी दिलं. मी आंब्यापासून तापीपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर उठून आले असते.

त्या रडल्या नाहीत. बराच वेळ बांगड्या चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे तो मले टाकून नव्हता गेला. हेच दोनदा म्हणाल्या. तेवढ्यात भाच्याची सून ओला कपडा घेऊन पुढे झाली, तिला वाटलं आता कुंकू पुसायचं. भागाबाईंनी तिचा हात धरला आणि सांगितलं, आता तर मुळीच पुसणार नाही.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. अकरा वर्षांच्या पोरीची चूक धरत नाही म्हणाल्या, आंबा बघून कोणतं लेकरू हावरं होत नाही. मेघा, मला वाटलं मी सुटले. खरंच वाटलं.

मग त्यांनी विचारलं, कोणत्या गाडीने आलीस. मी म्हटलं, भुसावळहून सकाळची. त्या म्हणाल्या, ती गाडी तर चाळीस वर्षांपासून रोज येते.

मी पिशवी उचलली. त्यांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

निघाले तर मला थांब्यापर्यंत सोडायला आल्या. आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी बसलो. गाडी आली. माणसं उतरू लागली. भागाबाई पदराशी चाळा करत खाली बघत राहिल्या. कोण उतरतंय ते त्यांनी पाहिलं नाही.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तुला वाटलं तर असू दे.

तुझी,
इंदिराअक्का