ठिगळाचा तंबू

९ ऑक्टोबर १९८३

पोचले एकदाची. मर्ल स्ट्राउड स्वतः ट्रक घेऊन बसथांब्यावर आला होता. अंगाने आडवा, हसरा माणूस. त्याने माझी पेटी उचलली आणि वाटेत दोनदा कॉफी पाजली. शिकाऱ्यांना एल्क हरणांच्या मागे डोंगरात नेण्याचा त्याचा धंदा बापापासूनचा. मी त्याच्या छावणीची स्वयंपाकीण, पाच आठवडे. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून खेचरं दिसतात. तंबूंचा कारखाना बंद पडल्यापासून आज पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

१० ऑक्टोबर

आज फार बरं वाटलं. मर्लने मला कोठारात नेऊन तीन तंबू पसरून दाखवले. म्हणाला, "तू एकोणीस वर्षं हेच शिवलंस. तू म्हणशील तो वर जाईल." एकोणीस वर्षांत कारखान्यात मला कोणी विचारलं नव्हतं की कुठला चांगला. फक्त किती झाले, एवढंच विचारायचे.

पहिला हलका, अर्धा नायलॉनचा. आत लाकडाचा स्टोव्ह पेटला की त्याला घाम फुटणार आणि पहाटे तोच घाम बर्फ होऊन अंथरुणावर पडणार. दुसऱ्याचं कापड जाड होतं, पण धुरांड्याचं भोक छपरात. छपरावरचा बर्फ घसरला की पाइप घेऊनच खाली येतो. तिसरा मात्र माणसाने बघत राहावा असा. निव्वळ सुती कॅनव्हास, घट्ट विणीचा, श्वास घेणारा. धुरांड्याचं भोक बाजूच्या भिंतीत. शिवणी दुहेरी. भिंतींच्या तळाला हातभर पट्टी, ती आत वळवायची म्हणजे वारा शिरत नाही. दाराला पितळी झिप.

मागच्या भिंतीला खाली एक ठिगळ आहे, हातभर लांब, मेणदोऱ्याने हाताने शिवलेलं. टाका सुंदर, एकसारखा. मी विचारलं तर मर्ल म्हणाला की अस्वलाने पंजा मारला होता.

मी तिसरा निवडला. त्याने सामानाच्या यादीवर 'तंबू निवडला' असं लिहून पुढे माझी सही घेतली. मला तेही आवडलं.

१५ ऑक्टोबर

टिनकप ओढ्यावर आहोत. खेचरांवरून सात तास. ऑर्विल म्हणून म्हातारा आहे, जनावरं सांभाळतो. तंबू पाहून त्याने पाठ फिरवली आणि लाकडं फोडायला गेला. मला वाटलं, बाईमाणसाच्या हाताखाली जेवायचं म्हणून रुसला.

पुरुष लहान तंबूत झोपतात. मोठा तंबू म्हणजे स्वयंपाकघर, आणि मागच्या कोपऱ्यात माझी खाट. मर्लने वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घातली आणि तिन्ही बाजूंनी दोर ताणले. मी म्हटलं, याने कापडाचा श्वास कोंडतो, स्टोव्ह आत आहे. तो हसत म्हणाला, "बाई, तू कापडाचं बघ, मी डोंगराचं बघतो. याने लाकूड निम्मं लागतं." शिकाऱ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले.

मी तंबूच्या भिंतींतले दोन्ही झरोके उघडे ठेवते.

२१ ऑक्टोबर

पहिले शिकारी उतरले, आता मिनेसोटाहून दोघे भाऊ आले आहेत. त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं की कापड ओलं असताना आतून बोट लावायचं नाही. बोट लागलं की तिथून पाणी झिरपतं आणि तो डाग दिवसभर हटत नाही.

आज सकाळी मागच्या भिंतीवर, खाटेच्या उंचीला, दोन ओले पंजे होते. पाचही बोटं स्पष्ट. भावांना झापलं. ते शपथेवर म्हणाले की ते आत आलेच नव्हते. माझा हात लावून पाहिला. माझा मोठा आहे.

२४ ऑक्टोबर

सकाळी चार पंजे. आता खाली, ठिगळाच्या वर. बोटं खालच्या बाजूला वळलेली, जणू कोणी गुडघ्यावर बसून कापड ढकलत होतं. आतून.

झरोके बंद होते. मी केले नव्हते. मर्लला विचारलं तर म्हणाला, पहाटे तो येऊन बंद करून जातो, ऊब वाया जाते म्हणून. मी झोपलेली असताना तो आत येतो, हे मला आज कळलं.

डोकं दुखतं. चव गेली आहे. भाऊ म्हणाले, स्ट्यू खारट झाला.

२८ ऑक्टोबर

ऑर्विलने सांगितलं. मी ओढ्यावर भांडी घासत होते, तो खेचरांना पाणी पाजायला आला. मी सहज म्हटलं की ते ठिगळ कोणी घातलं, हात फार चांगला आहे. त्याने खेचराची दोरी मनगटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मीच घातलंय पोरी. आणि फाडलंही मीच होतं."

दोन वर्षांपूर्वी नेडीन म्हणून स्वयंपाकीण होती. चौतीस वर्षांची, अंगाने लहान. हाच तंबू, हीच ताडपत्री. वाऱ्याने दार फडफडतं म्हणून मर्ल पहाटे निघताना झिपची कडी बाहेरून तारेने बांधायचा, आणि भिंतींच्या तळाशी बाहेरून बर्फ लोटायचा. त्या दिवशी बर्फ पडून धुरांडं गच्च झालं, धूर आत कोंडला. दुपारी ऑर्विल परतला तेव्हा ती मागच्या भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही तळवे कापडावर. दार उघडेपर्यंत थांबवेना म्हणून त्याने भिंत कापून तिला बाहेर ओढलं. उशीर झाला होता.

चौकशीला माणूस वर येईपर्यंत मर्लने तार सोडली होती, ताडपत्री काढली होती. बाईनेच झरोके लावले असं कागदावर आलं. तंबू तिनेच पसंत केला होता. यादीवर तिची सही होती.

मी विचारलं, तू का गप्प बसलास. म्हणाला, "सत्तरीला आलोय. मला खेचरं सोडून दुसरं येतं काय?" त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कारखान्यात एकोणीस वर्षं कोणाला काय बोलले होते?

३० ऑक्टोबर

मूर्खपणा केला. मर्लला तोंडावर सांगितलं की खाली उतरले की परवाना देणाऱ्या कचेरीत जाणार आणि नेडीनचं सगळं सांगणार. ऑर्विलचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, त्याने लगेच ऑर्विलकडे पाहिलं.

तो चिडला नाही. बिस्किटं चांगली झालीत म्हणाला आणि आणखी एक मागून घेतलं.

१ नोव्हेंबर

मर्लने ऑर्विलला आणि दोघा भावांना मांस घेऊन खाली पाठवलं. मी पण जाते म्हटलं. माझ्यासाठी जनावर नाही म्हणाला, ऑर्विल तीन दिवसांत परत येईल. ऑर्विल निघताना माझ्याकडे बघत होता. मग खोगिराचा पट्टा आवळत बसला, जो आधीच आवळलेला होता.

आता मी आणि मर्ल. बर्फ सुरू झाला.

२ नोव्हेंबर

पंजे तिन्ही भिंतींवर. दाराजवळ सगळ्यात जास्त, झिपभोवती. एकावर एक, मोजता येत नाहीत. पाणी ओघळून जमिनीवर आलं आहे.

मला तिची भीती वाटत नाही हे लिहून ठेवते. वाटायची. आता ती फक्त दाखवते आहे की तिने कुठे कुठे ढकलून पाहिलं.

सुऱ्या दिसत नाहीत. मर्ल म्हणाला, धार लावायला घेतल्या. कुऱ्हाडही, माझी कात्रीही.

पायी उतरून पाहिलं. बर्फ कमरेपर्यंत. अर्ध्या तासात परत आले. मर्ल शेकोटीपाशी बसून माझी वाट बघत होता. कॉफी दिली.

३ नोव्हेंबर, सकाळ

उठायला उशीर. डोकं जड. स्टोव्ह भरलेला आहे, तोंडापर्यंत. मी भरला नव्हता. झरोके लावलेत, बाहेरून काहीतरी टेकवलं आहे. धूर परत आत येतो. पाइपच्या टोकावर काहीतरी आहे.

दार —

झिप सरकत नाही. बाहेरून कडीला तार.

हाका मारल्या. मर्ल. मर्ल, मी आत आहे.  फावड्याचा आवाज होता, भिंतीच्या कडेने, सावकाश. आता थांबला.

नंतर

कॉफीचं भांडं स्टोव्हवर ओतलं. वाफ आणि धूर जास्तच. पाण्याची बादली बाहेर. तळपट्टी हलत नाही, बाहेरून बर्फ दाबून बसवलाय. खाटेचा पाय भिंतीवर मारला. कापड फाटत नाही. मीच निवडलं होतं.

सुई आहे. शिवणाची पेटी त्याने नेली नाही, बायकांची वस्तू म्हणून.

ठिगळ. मेणदोरा. एक एक टाका उसवायचा.

लिहिते ते कोणीतरी वाचावं म्हणून. यादीवर सही माझी आहे. तार त्याची आहे. हे विसरू नका —

नंतर

चार सुटले. डोळ्यांपुढे ठिपके. बसून उसवते, तळवा कापडावर टेकून. ती बसली होती तशीच.

सहा. बोटं ऐकत नाहीत —

माझ्या तळव्याशेजारी दुसरा. ओला. लहान. आता उमटला, मी बघत असताना. आणि त्याच्या खालचा दोरा सैल

नंतर

अठरा सुटले. त्यातले माझे अकरा.

गार हवा येते. तोंड लावून श्वास घेतला. डोकं थोडं — अजून चार सुटले की खांदा जाईल.

भेगेतून बर्फ दिसतो. उजेड आहे. दुपार असावी. बर्फात

बूट. मर्लचे. भिंतीला लागून. टाचा माझ्याकडे नाहीत, टोकं माझ्याकडे. तो गेलाच नव्हता, इतका वेळ तो इथेच उभा राहून ऐकत — आणि आता खाली वाकतो आहे, त्याच्या हातात फावडं, बर्फाने भरलेलं, भेगेवर