आधीच शिवलेली झबली

चांदे,
मंगळवार दुपार

प्रिय जानू,

निलेशने पिशवी आणून दिली असेल आणि ती उघडायच्या आधी तू हे पाकीट फोडलं असशील, असं धरून लिहितेय. तो महाळुंग्याला आईवडिलांकडे आला होता, रविवारी परत आइंडहोवनला निघालाय. त्याला म्हटलं, वजन काही नाही, सगळं कापडच आहे. पिशवीत झबली आहेत, टोपरी आहेत, अण्णांच्या धोतरांची दुपटी आणि लंगोट आहेत. अण्णा गेल्यापासून आईने ती धोतरं ट्रंकेत जपून ठेवली होती. शिवण तिची, तुला ओळखू येईलच. ज्या दोन झबल्यांचे गळे वाकडे झालेत, ती माझी.

हो, मला माहीत आहे. आधी खाली बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच. मी रागावलेली नाही. म्हणजे होते, आता नाही.

कळलं कसं ते सांगते, म्हणजे तू आईवर चिडणार नाहीस. एक दिवस लवळ्याला आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये गॅसच्या पाइपचं काम निघालं, स्वयंपाक बंद ठेवला आणि मला दुपारीच सुट्टी मिळाली. घरी न जाता मी आईकडे गेले. ती मशीनवर बसली होती. मला बघताच हातातलं तिने झटकन मांडीखाली सारलं, पण एक इवलीशी बाही बाहेर राहिलीच. मी विचारलं, काय शिवतेस? म्हणाली, "काय न्हाई, शेजारच्या रोहिणीसाठी हाय. दिवस गेल्यात तिला." मला बरं वाटलं. रोहिणी म्हणजे शेजारच्या घरातली नवी सून, तू तिला पाहिलेलं नाहीस. दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा जार उचलून नेताना दिसली, तेव्हा मी हटकलं, अगं, असं जड उचलू नकोस आता. ती बघतच राहिली. "ताई, कुणी सांगितलं तुमाला? मला तर ठावंच न्हाई!" तिची सासू दारातच होती. तिने संध्याकाळपर्यंत बिचारीला विचारून विचारून बेजार केलं.

घरी येऊन चहा ठेवला आणि पाणी उकळेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. गणपतीपासून तू व्हिडिओवर नुसता चेहरा दाखवतेस. फोन उंच धरतेस. नवं स्वयंपाकघर दाखव म्हटलं की तुझी बॅटरी संपते.

मग आईला सरळ विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "आठवा उलटला की सांगणार व्हतो गं. तुझ्या जिवाला लागंल म्हनून." मी म्हटलं, माझ्या जिवाला लागेल म्हणून, की माझी नजर लागेल म्हणून? त्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि मशीनचा दोरा ओवायला घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर मी काही दिवस तुझे फोन घेतले नाहीत. 'ताई, बिझी का?' असे तुझे मेसेज येत होते आणि मी ते वाचून फोन पालथा ठेवत होते. ओटीभरणाची, बारशाची बोलावणी मला येत नाहीत, याची आता सवय झालीय. लोक वाईट नाहीत गं, माझ्यासमोर काय बोलावं हे त्यांना सुचत नाही, म्हणून ते मला टाळतात. पण तुझ्या आनंदातूनही मला बाजूला बसवलं जाईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग आईच एकेक सांगू लागली. जावई असून सुधीर तिला तुझ्या माघारी फोन करतो, हे तुला माहीत नसेल. त्याच्यावरही चिडू नकोस, त्याला दुसरं कुणी नाही बोलायला. म्हणाला, तिकडे बाळंतपणानंतर नर्स घरी येऊन बाळंतिणीचं आणि बाळाचं सगळं बघते, वाकून त्या नर्सची पाठ धरू नये म्हणून पलंगाखाली ठोकळे घालून तो उंच करून ठेवायचा असतो. बाळाचे कपडे धुऊन, घड्या घालून तयार लागतात. तुमची सुईण ते बघायला घरी आली, तर घरात काहीच नव्हतं. सुधीरने पाळणा आणला होता, तो तू परत करायला लावलास. सुईणीला हसून म्हणालीस, बाळ आलं की बघू. तिला वाटलं असेल, ही आळशी आहे. आईही म्हणाली, "पोरगी आसं का करतीय, काय कळंना." मला मात्र ऐकताक्षणी कळलं.

माझ्या वेळी आम्ही सगळं आधीच आणलं होतं. दयानंदने पाळण्याला स्वतः रंग दिला होता, दोन हात. पुण्याला जाऊन मी बदकांचं पिवळं झबलं आणलं होतं, आईने टोपरी शिवली होती. आणि सगळं संपल्यावर तू रजा काढून आलीस, तेव्हा ओट्यावर बसलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालं, आधीच सगळं आणून ठेवलं, म्हणून झालं. कोण म्हणालं ते मला आठवतं, पण जाऊ दे. ते वाक्य तू सामानात बांधून तिकडे नेलंस आणि इतकी वर्षं जपलंस, हे मला माहीत नव्हतं. आईनेही जपलं होतं. तरीही ती शिवत होती, लपून का होईना. तिच्या भीतीपेक्षा तिचे हात जास्त शहाणे निघाले.

आता एक गोष्ट सांगते. तुकाबाई आठवते ना, शेळ्या घेऊन डोंगराच्या कडेला जाते ती? तिची लेक बाळंतपणाला आली होती, ती बाळाला घेऊन अजून इथेच आहे. मी तुझे फोन घेत नव्हते त्याच दिवसांतली गोष्ट. नांद्याच्या रस्त्यावर तुकाबाईच्या शेळ्या आडव्या आल्या म्हणून मी स्कूटर थांबवली. ती बांधावर बसली होती, मांडीवर नातू. आणि नातवाच्या अंगात ते बदकांचं पिवळं झबलं.

मी गाडी बंद केली खरी, पण खाली उतरवेना. विचारलं, हे कुठून आणलं? ती म्हणाली, "तुज्या आईनं दिलं. तुजंच हाय. का, परत पायजे?" माझ्या बाळाचे कपडे ठेवलेली ट्रंक आईने मला न विचारता रिकामी केली होती. माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे, तुकाबाई म्हणाली, "कापड हाय गं ते. कापडाला काय कळतंय? हे बघ, काखंत फाटाया आलंय, इतकं गब्दुल झालंय हे." तेवढ्यात एक शेळी कुणाच्या तरी वांग्यात घुसली. "धर जरा," म्हणत तिने पोरगं माझ्या हातात कोंबलं आणि काठी घेऊन धावली.

जानू, मला माझं बाळ हातात दिलं नव्हतं. तुला कदाचित हे ठाऊक नसेल. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, नको दाखवायला, तिला सहन व्हायचं नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा दयानंद आणि मामा सगळं उरकून आले होते. तेही माझ्या भल्यासाठीच. त्यामुळे रस्त्याच्या कडेला तुकाबाईचा नातू हातात आला, तेव्हा मला काय होईल याची मला स्वतःलाच खात्री नव्हती. झालं एवढंच, की त्याने माझं मंगळसूत्र धरून तोंडात घातलं आणि सगळा हात लाळेने भिजवला. मी रडले, तो माझ्याकडे टकामका बघत राहिला. तुकाबाई परत आली, तिने माझे डोळे बघितले आणि विषय न काढता म्हणाली, "मान धर नीट. काचंचं भांडं न्हाई ते, पर म्हनून पोतंबी न्हाई." आता सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाते, त्याला तेल लावते, आंघोळ घालते. तो आंघोळीला फार भोकाड पसरतो. पहिल्यांदा आंघोळ घालून आले त्याच दिवशी आईच्या शेजारी बसले आणि म्हटलं, मलाही कापून दे एक झबलं.

आता ते, जे तू मला कधी विचारलं नाहीस आणि ज्याच्यामुळे तुला झोप लागत नसेल. नाळेला गाठ बसली होती. डॉक्टरीणबाईंनी मला नंतर एकदा समोर बसवून नीट समजावून सांगितलं की ती गाठ कुणाच्या करण्याने बसत नाही, ती रक्तातून येत नाही, एका बहिणीला झालं म्हणून दुसरीला होईल असं काही नसतं. मी हे त्यांना दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा तुझ्यासाठी विचारलं होतं, तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं. तरी तुझ्या सुईणीला माझं सगळं सांग, लपवू नकोस. आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर कुणाचंही ऐकत बसू नकोस. झोपलं असेल, गोड खाऊन बघ, सकाळी बघू, असं कुणीही म्हणो. लगेच फोन करायचा आणि जायचं. फुकट फेरी पडली तर पडली.

आणखी एक आहे, ते मला कुणीच विचारत नाही. त्या आठ महिन्यांत मी फार खूश होते. दयानंद पाळण्याला रंग देत होता, तेव्हा मी दारात बसून त्याच्या चुका काढत होते आणि पोटात लाथा बसत होत्या. झबल्याचा रंग कोणता घ्यावा म्हणून मी लक्ष्मी रोडवर तीन दुकानं पालथी घातली. लोक म्हणतात, ती तयारी वाया गेली. मला तसं कधीच वाटलं नाही. तेवढेच तर दिवस मला त्याच्याबरोबर मिळाले, आणि ते मी त्याची वाट बघण्यात घालवले. घाबरून, हात आखडून बसले असते, तर ते दिवससुद्धा मिळाले नसते. तू ते घालवू नकोस, जानू. पाळणा परत आणायला सांग. दुपटी एकदा धुऊन उन्हात वाळव. तुमच्याकडे ऊन नसेल तर हीटरवर टाक. सुईणीला बोलावून उंच पलंग दाखव. तू मागे सांगितलं होतंस, तुमच्या शेजारणीला बाळ झालं तेव्हा तिने साखरेत घोळलेली बडीशेप टोस्टवर घालून सगळ्यांना वाटली होती. तीही आणून ठेव. आपल्याकडे बाळंतिणीला शोपा देतात, त्यांच्याकडे बाळंतीण लोकांना देते, एवढाच फरक.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पुढे जात नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी तुला सांगायची नाही अशी आईने मला शपथ घातलीय. मागच्या आठवड्यात ती गच्चीवर खारका वाळत घालायला गेली आणि उतरताना जिन्यात पडली. पायाचं हाड मोडलंय. ऑपरेशन नीट झालं, ती माझ्याकडेच आहे, जेवतेय, दयानंदला स्वयंपाकातल्या सूचना करतेय. काळजीचं काही नाही, पण तुझ्या बाळंतपणाला विमानात बसून येणं तिला जमणार नाही. ती रोज म्हणते, "आत्ता नगं सांगू, पोरगी घाबरंल." या घरात कुणी कुणाला काही सांगायचंच नाही, असं ठरल्यासारखं झालंय. मी ते आज मोडलं. तू तिकडे गेलीस तेव्हाच आईबरोबर माझाही पासपोर्ट काढून झाला होता, तो कपाटात पडून आहे. मेसमध्ये मी रजेचं बोलून ठेवलंय. नंदामावशी आईजवळ राहायला येतेय आणि दयानंद स्वतःहून म्हणाला, "तू जा, आईंचं मी बघतो." तेव्हा सुधीरला सांग, आईच्या नावाने जे कागद पाठवणार होता, ते माझ्या नावाने पाठव. तारखेला अजून दोन महिने आहेत, व्हिसा होईल. एवढं विचारायलाच हे पत्र लिहायला बसले आणि इथवर यायला इतकी पानं लागली. तुझ्या सासरच्यांना मी नको असेन, किंवा तुलाच मनातून नको वाटत असेल, तर तसं सरळ कळव. मला वाईट वाटेल, पण खोटं सांगितलंस तर जास्त वाटेल. फक्त भीती वाटते म्हणून नाही म्हणू नकोस. भीती मलाही वाटतेय. मी आले की दोघी मिळून घाबरू.

तुझीच,
ताई